पुण्यातले रस्ते एकमेकांना किती जोडलेत ते मोजायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जीआयएसवाले (कॉम्प्युटरवर नकाशांचा डेटा हाताळणारे), प्लॅनिंगवाले कोणी असाल तर प्लीज बघा.

पुणे पसरत गेलं तशी रस्त्यांची जोडणी कशी बदलली हे मला आकड्यांत बघायचंय. नुसतं दिसायला तर दिसतंच, सदाशिव पेठेत एक गल्ली बंद असली तर शेजारच्या गल्लीतून निघता येतं, प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या मधल्या बऱ्याच गल्ल्यापण दोन्हीकडे निघतात. आणि उंड्री, वाघोलीकडे बघा. शेतजमिनीचा एकेक सर्व्हे नंबर एकेका बिल्डरने घेतला, मेन रोडपासून स्वतःच्या गेटपर्यंत रस्ता केला, पुढे कंपाउंड वॉल. शेजारच्या सोसायटीत जायचं तरी आधी मेन रोडला या, मग सगळ्या गाड्या त्या एकाच रोडवर आणि मागणी काय तर रोड रुंद करा. डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) जोडरस्ते आखलेले असतात पण मधली जमीन ताब्यात येत नाही, तुकडे तसेच पडून राहतात. बिल्डिंग पाडून परत बांधता येते, रस्त्यांची आखणी एकदा झाली की पिढ्यानपिढ्या बदलत नाही, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा) डेटा पायथॉनमधल्या ओएसएमएनएक्स या लायब्ररीने काढून भागवार बघतेय, चौकाला सरासरी किती रस्ते मिळतात, डेड एंड किती टक्के वगैरे.

सगळ्यात जास्त अडलंय ते रस्त्याच्या वयावर. ओपनस्ट्रीटमॅपवरची तारीख म्हणजे रस्ता नकाशात कधी टाकला किंवा शेवटचा कधी बदलला ती, बांधला कधी ते नाही. गाव महापालिकेत कधी आलं (1997 ची गावं, 2017 ची 11, 2021 ची 23) ते धरणं सोपं आहे, पण वाघोली 2021 ला हद्दीत यायच्या कितीतरी आधीच सोसायट्यांनी भरली होती. जीएचएसएल या युरोपियन कमिशनच्या प्रकल्पाचा सॅटेलाइटवरून केलेला बांधकामाचा डेटा 1975 पासूनचा फुकट मिळतो, त्यावरून वय ठरवलं तर चालेल का? त्याआधीचं कसं करायचं, जुन्या टोपोशीट्स (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) वापरल्यात का कोणी?

दुसरं म्हणजे गेटच्या आतले रस्ते. नकाशात काहींना प्रायव्हेट टॅग (खासगी रस्ता अशी खूण) आहे, काहींना नाही. धरले तर चौक वाढून जोडणी छान दिसते, पण बाहेरच्याला तिथून जाताच येत नाही, मग मी ते वगळायच्या मताची आहे. तुम्ही काय करता?

आणि डिव्हायडरवाले दोन रोड एकमेकांना छेदतात तिथला एक चौक चार वेळा मोजला जातो, किती मीटरच्या आतले बिंदू मिळून एकच चौक धरायचा? जास्त धरले की पेठेतले खरे चौकच गायब होतात.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या 2015 च्या अभ्यासात अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बिघडत गेली आणि मग सुधारायला लागली असं निघालं. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये असं वळण आलंय का हे कोणी तपासलं असेल तर नक्की सांगा, माझा कोड द्यायला तयार आहे.