स्नायू म्हणजे मसल की नस?

फिजिओवाली: मंडळी, गुडघ्याच्या पेशंटसाठी व्यायामाचं पत्रक मराठीत करून राहिलेय. "गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, खाली दाबा, मांडीचे स्नायू पाच सेकंद आवळून धरा" असं लिहिलं. इतवारीकडच्या एक काकू वाचून म्हणे स्नायू म्हणजे नस ना, नस कशी आवळू? घरी त्यांच्या हिंदीच जास्त. आणि लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला, काय लिहू तेही सांगा, अस्थिबंध कोणाला कळत नाही.

जुना मास्तर: ताई, मांसपेशी लिहा. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगळे मोजलेत. स्नायू म्हणजे बांधणारे दोर, फळ्या दोरांनी आवळल्या की नाव जशी भार पेलते तसं शरीर स्नायूंमुळे भार पेलतं असं तिथेच म्हटलंय. म्हणजे लिगामेंट हाच मूळचा स्नायू, आपल्या पाठ्यपुस्तकांनी अर्थ फिरवला.

बर्डीकर: सर, फिरला खरा पण आता मराठीत पेशी म्हणजे सेल झालंय, हिंदीवाले जिला कोशिका म्हणतात ती. रक्तपेशी, चेतापेशी सगळं त्यावर उभं आहे. मसललाही पेशीच म्हटलं तर दहावीच्या पोरानं कुठली पेशी समजायची? माझी वहिनी बंगाली, त्यांच्यात स्नायू म्हणजे सरळ नर्व्ह. प्रत्येक भाषेनं आपापली वाट धरली, मराठीत स्नायूच बरोबर.

वऱ्हाडी माणूस: मी म्हणतो गुडघा तरी काऊन लिहिता, टोंगळा लिहा ना. माही आजी अमरावतीकडची, टोंगळे दुखून राह्यले असंच म्हणे, गुडघा मी शाळेतच ऐकला. पेशंट आपल्या इकडचे अन् पत्रक पुण्याचं, असं कसं चालन?

कोकणातली: आमच्याकडे ढोपर.

बर्डीकर: ढोपर म्हणजे हाताचं कोपर ना? आमच्या घरी तरी तसंच.

कोकणातली: छे हो, कोपर हाताचं, ढोपर पायाचं. पडून ढोपरं फुटतात ती काय हाताची?

फिजिओवाली: टोंगळा नक्की घालते, हे पटलं. काकूंचा हात मी गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर ठेवला आणि दाबायला लावलं, तशी वाटी मांडीकडे सरकली आणि वरचं मांस कडक झालं. चार भागांचा तो स्नायू वाटीला धरूनच पुढं नडगीच्या हाडाला बांधलेला असतो, म्हणून ती सरकते. हाताला लागल्यावर त्याच म्हणाल्या, "अस्सं, मांडी टाईट करायची." तेच लिहू का?

जुना मास्तर: टाईट कशाला, ताठ म्हणा.

बर्डीकर: ताठ म्हटलं की लोक पाय सरळ करून उचलतील, इथं टाच खालीच ठेवून आवळायचंय. टाईट आता मराठीच आहे सर.

जुना मास्तर: मग आवळा हा शब्द काय वाईट होता? मूळ वाक्यात तोच होता की, काकू तर स्नायूवर अडल्या.

वऱ्हाडी माणूस: ढोपराचं मलेही पटत नाही, साताऱ्याचा माहा रूममेट कोपरालेच ढोपर म्हणे.