मदत हवी आहे: दात कोरायच्या एअरोटर मशिनमुळे कानात शिट्टी वाजते, इअरप्लग घालून पेशंट करता येतो का?

फायनल_इयर_वाली

नमस्कार मंडळी, मी डेंटलला, बीडीएस फायनल इयरला आहे, कॉलेज कुठलं ते लिहीत नाही कारण आमच्याकडचेही लोक इथे वाचतात. प्रॉब्लेम असा की गेले काही आठवडे क्लिनिक संपवून रूमवर आले की कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो, झोपताना तर फारच, सकाळी उठेपर्यंत जातो. कन्झर्व्हेटिव्हची (दात भरायच्या विभागाची) पोस्टिंग चालू आहे, एका हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येकीवर एअरोटर नाहीतर दात साफ करायचा स्केलर चालू, वर सक्शनचा घरघराट, आणि मॅडम तिकडून ओरडून सांगणार ते वेगळंच. संध्याकाळी प्रोस्थोच्या (कृत्रिम दातांच्या) लॅबमध्ये कवळ्या पॉलिश करायला लेथवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पॉलिशच्या मशिनवर, उभं राहायचं. ठरलेल्या पेशंटांचा कोटा पूर्ण करायचाय त्यामुळे दांडी मारता येत नाही.

मास्क, ग्लोव्हज, चष्मा यावर पहिल्या वर्षापासून लेक्चरं ऐकली, कानाबद्दल कोणी एक अक्षर बोललेलं आठवत नाही. मैत्रीण म्हणते सगळ्यांनाच होतं, सवय होते. आईला सांगितलं तर ती म्हणेल कानात तेल घाल. मला विचारायचंय की हे खरंच एअरोटरमुळे आहे का, कुठली टेस्ट करू, आणि इअरप्लग घातले तर पेशंटचं बोलणं ऐकू येईल का. पेशंटला काय वाटेल हाही प्रश्न आहेच.

कानसेन

ऑडिओलॉजिस्ट आहे म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे कानात तेल घालू नको, आईंना माझा नमस्कार सांग.

संध्याकाळी शिट्टी आणि सकाळी गायब, याचा अर्थ बहुधा दिवसभरात कानावर ताण पडतोय आणि रात्रीच्या शांततेत तो सावरतोय. आज सावरतोय म्हणून कायम सावरेल असं नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, त्यामुळे "सवय होते" म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांग की कधी कधी सवय होत नसते, ऐकू येणं कमी होत असतं.

आता आकडे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांना ८ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे, ती जास्तच ढिली. चांगल्या स्थितीतला एअरोटर डॉक्टरच्या कानापाशी बहुधा ८५ च्या खाली असतो, जुना खडखडणारा असेल तर वर जातो. त्यामुळे एकट्या एअरोटरवर खापर फोडायला मी तयार नाही. लेथ, दातांचे प्लास्टरचे साचे घासायचा मॉडेल ट्रिमर, हॉलमधला सगळा गोंगाट आणि कॉलेजबाहेर तू जे ऐकतेस ते, सगळ्याची बेरीज होते. हेडफोन किती वापरतेस? आणि खरं सांग, ढोल पथकात आहेस का?

फायनल_इयर_वाली

आहे सर 😅 ताशा वाजवते. पण सराव तर फक्त गणपतीच्या आधी असतो! हो, सध्या चालूच आहे. बसमध्ये हेडफोन असतात.

कानसेन

झालं मग. ताशाच्या अगदी जवळ उभं राहिलं की १०० च्या वर सहज जातं, वरचा १५ मिनिटांचा हिशोब पुन्हा वाच. पथक सोड म्हणत नाही, पण प्लग घालून वाजव. आणि हेडफोनचं म्हणशील तर डब्ल्यूएचओ मोठ्यांना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास सांगते, बसच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवला की ते तास भराभर संपतात.

टेस्ट म्हणशील तर प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा किती बारीक आवाज ऐकू येतो ते बघायचं, त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. आधी ईएनटीला दाखवून मळ आहे का बघून घे. टेस्टच्या आदल्या संध्याकाळपासून क्लिनिक, लेथ, ताशा, हेडफोन सगळं बंद, निदान १४ तास शांतता हवी, नाहीतर ऐकण्यातली तात्पुरती उतरण कायमची वाटेल. आवाजाने झालेलं नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, बहुतेकदा ४००० ला खड्डा पडून दिसतं. बोलणं बऱ्यापैकी ऐकू येत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ऑडिओग्राम नॉर्मल आला तर ओएई (आतल्या कानातून उलट येणारा बारीक आवाज मोजायची टेस्ट) करून घे, पेशींवरचा ताण त्यात कधी कधी आधी कळतो. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ईएनटी विभागात ही सोय असते, मुंबईच्या जवळ असशील तर वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या त्रासासाठीची अली यावर जंग संस्था आहे. रिपोर्ट जपून ठेव, पुढे तुलना करायला हाच लागणार.

एक गोष्ट मात्र लक्षात असू दे, सगळ्यांसाठीच लिहितोय. एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर दोन दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, औषधाचा उपयोग लवकर सुरू केलं तरच जास्त.

दाताचा_डॉक्टर_सांगली

कानसेन सरांच्या बोलण्यात थोडी भर. एअरोटरचे चार लाख आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) भागिले साठ केलं तर सेकंदाला साडेसहा हजारांच्या वर फेऱ्या होतात, तो चिरका सूर तिथूनच येतो. पण सूर बिघडला की समजायचं हँडपीस (एअरोटरचा हातात धरायचा भाग) आजारी आहे. बेअरिंग झिजलं, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायला) टाकायच्या आधी तेल घातलं नाही, बर (कोरायचं टोक) वाकडा बसलाय, कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त हवेचं प्रेशर सोडलंय, सगळ्याने आवाज वाढतो. कॉलेजचे हँडपीस म्हणजे कित्येक बॅचच्या हातून गेलेले, त्यांच्याबद्दल काय बोलावं. स्वतःचा असेल तर कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) बदलून बघ, मोठा फरक पडतो. माझ्या क्लिनिकमध्ये कॉम्प्रेसर मी जिन्याखाली हलवला तेव्हा रिसेप्शनवालीनेच आधी आभार मानले.

प्लगचं म्हणशील तर मी रोज घालतो, वाद्यं वाजवणाऱ्यांचे फिल्टरवाले मिळतात ते. सगळे सूर साधारण सारखेच कमी होतात म्हणून पेशंटचं "आई गं" व्यवस्थित ऐकू येतं. सुरुवातीला स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, होईल सवय (ही सवय चांगली). पेशंटला आधीच सांगायचं की मशिनचा आवाज मोठा आहे म्हणून घातलेत, कोणी वाईट मानत नाही, उलट दोघं-तिघं मलाही द्या म्हणाले.

आणि मानेकडे लक्ष दे. दिवसभर वाकून काम आणि टेन्शनमध्ये दात आवळायची खोड असेल तर जबडा-मान आखडूनही कानात आवाज येतो, टीएमजे (जबड्याचा सांधा) तुम्हाला शिकवलंच असेल.

फायनल_इयर_वाली

दात आवळते मी, रूममेट रात्री ओरडते त्यावरून 🙈 ईएनटीची वेळ घेतली आहे. लेथला तेच फिल्टरवाले चालतील की फोमचे घेऊ? आमच्या बॅचमधल्या अजून चौघी विचारतायत.

कानसेन

लेथला फोमचे, तिथे कोणाशी बोलायचं नसतं. ताशालाही तेच चालतील, ताल नीट कळेनासा झाला तर फिल्टरवाले. फोमचा प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, मग आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर काही उपयोग नाही. आणि हात धुऊन घाला बायांनो, पेशंटच्या ग्लोव्हजने कानाला हात लावू नका.