शब्दचर्चा: 'मला आशीर्वाद दे' हे मागणं की हाव?

प्रश्नकर्ती

एका अभ्यासगटासाठी बायबलमधल्या प्रार्थनांचं मराठी टिपण करते आहे आणि याबेसपाशी अडले आहे (1 इतिहास 4:9-10). नुसत्या नावांच्या वंशावळीत हा माणूस मध्येच उगवतो, देवाकडे चार गोष्टी मागतो, देव त्या देतो आणि पुन्हा नावं सुरू. त्याच्या मागण्या अशा: मला आशीर्वाद दे, माझी हद्द वाढव, तुझा हात माझ्याबरोबर असू दे, अरिष्टापासून मला राख.

पहिल्या मागणीला मराठीत काय म्हणू? 'आशीर्वाद दे' गुळमुळीत वाटतं, कारण आपल्याकडे आशीर्वाद म्हणजे डोक्यावर हात ठेवून उच्चारलेले चार शब्द. 'माझं कल्याण कर' एखाद्या सरकारी योजनेसारखं. 'मला आशीर्वादित कर' चर्चमध्ये सर्रास चालतं, बाहेरच्याला खटकतं. त्यातून गटात जुंपली आहे. एक जण म्हणतो, स्वतःसाठी असं मागणं ही हावच. दुसरी म्हणते, बापाकडे नाही मागायचं तर कुणाकडे? मी कुठलाही शब्द घेतला तरी कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होणार.

हिब्रू शिकणारा

मूळ हिब्रू क्रियापद 'बारख'. त्याचं नाम 'बराखा'. अरबीतला 'बरका' याच धातूचा, आणि तोच आपल्याकडे 'बरकत' होऊन आला. म्हणजे तुमच्या याबेसच्या तोंडी शोभेल असा शब्द मराठीत आधीपासून आहे. हाताला बरकत असते, धंद्यात बरकत येते, तशी ती मोजता येणारी गोष्ट आहे. 'आशीर्वाद'मध्ये वाद म्हणजे बोलणं आहे, 'बराखा'मध्ये बोलणंही आहे आणि वस्तूही.

वस्तू कशी, ते यहोशवा 15:19 मध्ये पाहा. कालेबची मुलगी अखसा गाढवावरून उतरते, बाप विचारतो काय हवं, ती म्हणते मला एक 'बराखा' द्या, कोरडी जमीन दिलीत तर पाण्याचे झरेही द्या. वरचे आणि खालचे, दोन्ही झरे मिळतात. तिला कुणी हावरट म्हटलेलं नाही.

याबेसच्या वाक्यात आणखी एक गंमत आहे. ते 'जर'ने सुरू होतं आणि 'तर' येतच नाही. 'तू मला खरोखर आशीर्वाद दिलास, हद्द वाढवलीस, तर…' आणि तिथेच थांबतं. काही अभ्यासक याला अर्धवट राहिलेला नवस मानतात, बरेचसे 'असं झालं तर किती बरं' अशी आर्त इच्छा मानतात.

शंकासुर

बरकत शब्द झकास, पण तो दुकानाच्या गल्ल्याशी फार जवळचा आहे. नेमकी तीच तर तक्रार! 2000 साली अमेरिकन लेखक ब्रूस विल्किन्सन यांचं याच प्रार्थनेवर एक छोटं पुस्तक आलं, लाखोंनी खपलं, आणि लोक ही दोन वचनं रोज मंत्रासारखी म्हणू लागले. लेखकाच्या मनात सेवेची हद्द वाढावी असं होतं हे मान्य. वाचकांच्या मनात कुठली हद्द होती, ते सांगायला नको.

त्याच्या कितीतरी आधी अमेरिकन प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी 'बी पेरा' ही भाषा रूढ केली होती. देणगी हे बी, पीक देव देणार. मार्क 10:30 मधलं 'शंभरपट' त्यासाठी कायम हाताशी असतं. त्या वचनात शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं अशी यादी आहे आणि यादीच्या शेवटी 'छळणुकीबरोबर' असे शब्द आहेत. 'विश्वास ठेवा, देव श्रीमंत करील' असं सांगणाऱ्या या समृद्धीच्या सुवार्तेत तेवढे शब्द नेमके गळतात. पैसे देऊन छळ शंभरपट मिळवायला कोण रांग लावील?

पाळकाची लेक

माझं लहानपण प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेलं. लोक चर्चमधल्या पेटीत चिठ्ठ्या टाकत, बाबा त्या मोठ्याने वाचत. 'मुलीचा ताप उतरू दे', 'नोकरी टिकू दे', 'या महिन्याचं भाडं भागू दे'. बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही की आधी जगाच्या शांतीसाठी मागा, मग स्वतःचं. एकदा मात्र चिठ्ठी आली, 'भावाने माझ्या वाटणीचं मला द्यावं'. बाबा थबकले, ती बाजूला ठेवली आणि लूकचा बारावा अध्याय वाचला. तिथे एक जण येशूला हेच सांगतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लगेच लोभापासून सांभाळा म्हणून बजावतो. चिठ्ठी टाकणारे गृहस्थ पुढचे दोन-तीन रविवार आले नाहीत. त्यांची बाजू खरी होती की खोटी, ते मला आजही ठाऊक नाही.

भाड्याची चिठ्ठी चालते आणि वाटणीची का नाही, यावर मात्र बरेचदा विचार केला. पैसा तर दोन्हीत आहे.

जुनी वाचक

वर 'लोभ' आला म्हणून थोडं अवांतर. मराठीत लोभ हा निव्वळ दुर्गुण कधीच नव्हता. 'लोभ असावा' असं लिहून आपण पत्रं संपवत होतो. 'लोभस' म्हणजे गोड. त्यामुळे लोभाला मूर्तिपूजा म्हणणारं वचन (कलस्सै 3:5) मराठी कानाला जरा सौम्यच लागतं. तिथे 'हाव' हवं होतं. हावेला गोड अर्थ नाही.

'आशा'चं उलट झालं. संतांच्या अभंगांत आशा ही टाकायची गोष्ट. 'आशाळभूत'मध्ये तोच अर्थ उरला आहे. ख्रिस्ती मराठीत मात्र 'विश्वास, आशा, प्रीती' अशी ती थेट सद्गुणांत जाऊन बसली. म्हणजे मराठी वाचकाच्या कानात देवाकडे काही मागण्याबद्दल आधीच संशय भरलेला आहे. निष्काम तेच श्रेष्ठ, हे आपल्या हाडीमासी आहे. तुमच्या गटातला पहिला माणूस बायबलमधून बोलतोय की या संस्कारातून, हे तपासायला हवं.

हिब्रू शिकणारा

जुनी वाचक, +१. त्या वचनातला मूळ ग्रीक शब्द 'प्लेओनेक्सिया'. 'प्लेओन' म्हणजे अधिक, दुसरा भाग 'असणे' या क्रियापदाचा. अधिक असावं, इतरांहून जास्त असावं, दुसऱ्याच्या वाट्यावर डोळा असावा, अशी त्याची छटा. पाळकाची लेक, तुमच्या बाबांच्या लूक 12:15 मध्ये हाच शब्द आहे. भाडं भागलं तर कुणाचं काही कमी होत नाही. वाटणीच्या चिठ्ठीत समोर भाऊ उभा आहे.

आता खरा मुद्दा. 2 करिंथ 9:5 मध्ये प्रेषित पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठीच्या वर्गणीबद्दल लिहितो: ती 'युलोगिया' म्हणून तयार असू दे, 'प्लेओनेक्सिया' म्हणून नको. युलोगिया म्हणजे तोच आपला आशीर्वाद, बराखाचा ग्रीक प्रतिशब्द. आशीर्वाद आणि हाव एकाच वाक्यात समोरासमोर! बहुतेक भाषांतरांत इथे 'देणगी'च्या वळणाचा शब्द पडतो, त्यामुळे ही जोडी वाचकाला दिसतच नाही. आणि लगेचचं सहावं वचन कोणतं? जो थोडं पेरतो तो थोडंच कापील. शंकासुर, तुमच्या 'बी पेरा'वाल्यांचं लाडकं वचन ते हेच. एक ओळ मागे गेलं तर हावेचा इशारा आहे, आणि पेरणी कुणाच्या पोटासाठी चालली आहे तेही.

जुन्या करारातही बराखा अशीच या हातातून त्या हातात जाते. याकोबाने आपल्या भावाची, एसावाची बराखा फसवून घेतली. वीस वर्षांनी भेट झाली तेव्हा गुरंढोरं पुढे करून तो एसावाला म्हणतो, माझी 'बराखा' घे (उत्पत्ती 33:11). चोरलेला शब्दच परत करतो. कोड झालेला अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर संदेष्टा अलीशापुढे भेट ठेवून हेच म्हणतो. अलीशा नाकारतो. त्याचा चाकर गेहजी मागे धावत जातो, थाप मारून दोन किक्कार (हे जुनं वजन) चांदी आणि दोन जोड कपडे उकळतो, आणि नामानाचं कोड त्याला लागतं.

शंकासुर

हे सुंदर आहे, पण यातून 'दुसऱ्यासाठी मागितलं तर शुद्ध, स्वतःसाठी मागितलं तर मळकट' असाच नियम निघतो ना? मग पहिला माणूस जिंकला.

पाळकाची लेक

मुळीच नाही. मार्कचा तोच दहावा अध्याय पुढे वाचा. येशूचे शिष्य याकोब आणि योहान येतात, येशू विचारतो, तुमच्यासाठी मी काय करावं? ते म्हणतात, वैभवात आम्हाला तुझ्या उजव्या-डाव्या बाजूला बसव. नकार. थोड्याच वचनांनंतर आंधळा बार्तीमय ओरडत येतो. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू त्यालाही जवळजवळ त्याच शब्दांत विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? तो म्हणतो, मला दिसावं. दिसतं.

दोन्ही मागण्या स्वतःसाठीच! बार्तीमयाने तर आजूबाजूच्या आंधळ्यांचा उल्लेखही केला नाही. फरक असा, की उजवी बाजू एकच असते, ती मिळाली तर दुसऱ्या कुणाची जाते. डोळे मिळाल्यावर तो येशूच्या मागे वाटेला लागला, असं मार्क लिहितो. मला विचाराल तर विश्वास खोल गेला की नाही, ते या शेवटच्या वाक्यावरून कळतं. मागण्याच्या शब्दांवरून कळत नाही.

आणि एक सांगते. स्वतःचं काहीच मागायचं नाही, असं ठरवलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यांची प्रार्थना हळूहळू भाषण होते. मनात घराच्या हप्त्याची काळजी आणि तोंडात जगाचं कल्याण, यात विश्वास कुठे आला? देवाला काय दिसत नाही?

जुनी वाचक

या वादात ऑगस्टीन हा आफ्रिकेतला बिशप फार आधी पडला आहे. सुमारे 412 मध्ये प्रोबा नावाच्या विधवेने त्याला विचारलं, प्रार्थनेत मागू काय? बाई साधी नव्हती. रोमच्या अतिश्रीमंत घराण्यातली, 410 मध्ये शहर लुटलं गेल्यावर आफ्रिकेत आलेली. ऑगस्टीन तिला सांगतो, सुखी जीवन माग. निर्वाहापुरतं हवंसं वाटण्यात काही गैर नाही, आणि तुझी मागणी येशूने शिष्यांना शिकवलेल्या 'प्रभूच्या प्रार्थने'त कुठेतरी बसते का, ते पाहा. दाखल्याला नीतिसूत्रे 30:8 घेतो: दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, लागेल तेवढं अन्न दे. श्रीमंत बाईला हे लिहायचं म्हणजे धाडसच.

प्रभूच्या प्रार्थनेत 'मला' कुठेच नाही, 'आम्हाला' आहे, हे अनेकदा सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. पण धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) त्या प्रार्थनेतली 'रोजची भाकर' म्हणजे काय ते मोजतो, तेव्हा यादीत घर, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगली हवा आणि चांगले शेजारीही येतात. चांगले शेजारी! हे वाचल्यापासून मला ल्यूथर आवडायला लागला.

शंकासुर

शेजाऱ्यांचं मान्य. तरी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं 4:3 उरतंच: तुम्ही चुकीच्या हेतूने मागता, चैनीत उडवायला.

हिब्रू शिकणारा

तिथलं 'उडवणं' हे क्रियापद पाहा. लूक 15:14 मध्ये येशूच्या दृष्टांतातल्या धाकट्या मुलाने वाटणीचं सगळं उडवून टाकलं, तिथे हेच आहे. त्यालाही मागून मिळालं होतं आणि बापाने दिलंही होतं. मग ते त्याच्यापाशी येऊन संपलं. त्याच्यासमोर लूक 11 मधला मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र ठेवा. त्याच्या मागण्याला ग्रीकमध्ये सरळ 'निर्लज्जपणा' असा शब्द आहे. पण त्या तीन भाकरी त्याला दारात आलेल्या पाहुण्यासाठी हव्या होत्या.

मागणं मिळाल्यावर याबेसचं पुढे काय झालं ते माहीत नाही, बायबल त्याबद्दल गप्प आहे. एवढंच कळतं की आईला वेदना झाल्या म्हणून तिने त्याला हे नाव दिलं, आणि त्याची शेवटची मागणी त्याच वेदनेच्या शब्दावर श्लेष करते: नावातलं दुःख माझ्या वाट्याला येऊ नये. हे ऐश्वर्य मागणाऱ्याचं बोलणं मला वाटत नाही. पण वाढलेल्या हद्दीत त्याने कुणाला थारा दिला की कुंपण घातलं, हे सांगायची सोय नाही. म्हणून या दोन वचनांवर अख्खी शिकवण उभारणं धोक्याचं, इतपत शंकासुरांशी सहमत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मुख्य मजकुरात 'मला खरोखर आशीर्वाद दे' ठेवते आहे, तळटीपेत 'बरकत' आणि अखसाचे झरे. त्याच पानावर 2 करिंथ 9:5 घालते, तिथे मात्र हट्टाने 'आशीर्वाद म्हणून, हाव म्हणून नव्हे' असंच लिहीन, भले वाक्य थोडं अडखळलं तरी. 'आशीर्वादित' कटाप. गटातल्या दोघांना मार्कचा दहावा अध्याय सलग वाचायला देणार आहे.

जुनी वाचक

'आशीर्वादित' इतकं वाईट नाही हो, दोन पिढ्यांनी वापरलेला शब्द आहे. बाकी छापण्याआधी एकदा तपासा, तुमच्या गटाच्या पत्रकांत सगळीकडे 'आशिर्वाद' पडतं. मूळ आशिस् असलं तरी संधी होताना शी दीर्घ होतो.