पायाच्या धमनीत ब्लॉक: आधी बलून की थेट बायपास?

आमचे अण्णा, वय ७१, शुगर वीसेक वर्षांची. उजव्या अंगठ्याला नवी चप्पल लागली त्याला सात आठवडे झाले, जखम भरेना, कडा काळी पडलीय. रात्री पाय खाटेखाली सोडून झोपतात, वर घेतला की ठणका सुरू. आम्हाला वाटलं, सवय. डॉक्टर म्हणाले, पायात रक्त पोचत नाही, खाली सोडला की थोडं उतरतं, म्हणून बरं वाटतं.

सीटी अँजिओत (धमन्यांच्या स्कॅनमध्ये) मांडीतली धमनी जवळजवळ बंद, गुडघ्याखालच्या तीनपैकी एकच चालू. सांगलीतले डॉक्टर म्हणतात, जांघेतून वायर घालून बलून फुगवू, लागला तर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी), दोन दिवसांत घरी. पुण्याचे सर्जन म्हणतात, पायातलीच शीर काढून ब्लॉकला वळसा घालणारी बायपास करा.

वाचायला बसलो तर डोकं आणखी फिरलं. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात (१,८३० रुग्ण) ज्यांची पायातली लांब शीर चांगली होती, त्यांच्यात बायपास सरस: मृत्यू, पाय कापणं किंवा पायावर पुन्हा मोठा उपचार हे ४३ टक्क्यांना, बलूनवाल्यांत ५७. शीर चांगली नसेल तर फारसा फरक नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडकडचा बेसिल-२ (३४५ रुग्ण, सगळे गुडघ्याखालच्या ब्लॉकचे) उलटं सांगतो: बलूनवाल्यांत मृत्यू कमी. अण्णांचा ब्लॉक तर वर-खाली दोन्हीकडे!

म्हणजे सगळं शिरेवर आलं. अण्णांची हृदयाची बायपास २०११ ला झालीय, तेव्हा शीर डाव्या पायातून घेतली होती, घोट्यापासून मांडीपर्यंत व्रण आहे. उरली उजवी. तिचं डॉप्लरवर (शिरांच्या सोनोग्राफीवर) मोजमाप दोघांपैकी कुणीही केलेलं नाही. एकाने तर अण्णांचा लेंगासुद्धा वर करून पाहिला नाही.

हे मोजमाप आधी करून घ्या असा हट्ट धरावा का? शीर बारीक निघाली तर हाताची चालते का, की कृत्रिम नळी? आणि आधी बलून केला, तो पुन्हा बंद झाला, तर नंतरची बायपास अवघड होते का? घरात कुणाचं झालं असेल तर जखम भरायला किती दिवस लागले तेही सांगा.

तंबाखू सोडायला सांगा हे कृपया लिहू नका. डबी मीच विहिरीत टाकलीय, दुसरी कुठून येते ते शोधतोय.

शुक्रवारी पुण्याला जायचंय.