सॅटनॉग्सवर स्टेशन चालू केलं, पण ही रेघ उपग्रहाचीच ना?

गच्चीवरचा_अँटेना:
नमस्कार मंडळी, सांगलीत गच्चीवर टर्नस्टाइल अँटेना लावलाय, खाली रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आणि आरटीएल-एसडीआर (यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर), स्टेशन सॅटनॉग्सला, म्हणजे उपग्रह ऐकणाऱ्या हौशी स्टेशनांच्या नेटवर्कला जोडलंय, म्हणजे शेड्यूल लावलं की पास (उपग्रह आपल्यावरून जातो ती वेळ) संपल्यावर ऑडिओ आणि वॉटरफॉल (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारं चित्र) आपोआप नेटवर चढतो. काल ४३७ मेगाहर्ट्झच्या पासला एस अक्षरासारखी वळलेली ठसठशीत रेघ आली, डॉप्लर म्हणतात तो, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते तो हाच ना? घरच्यांना पण दाखवली 😀 पण सिग्नलमधला डेटा काहीच डिकोड झाला नाही. आणि युरोपात एवढी स्टेशनं असताना आपल्या जुगाडाचा कुणाला उपयोग आहे का?

क्षितिज७०:
दादा वाईट वाटून घेऊ नका, पण ती रेघ तुमच्या घरातलीच कायतरी आहे. सॉफ्टवेअर टीएलईवरून (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे) हिशोब करून डॉप्लर आधीच काढून टाकतं, ४३७ ला पासच्या सुरुवातीला साधारण १० किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तेवढंच खाली. म्हणून उपग्रह सरळ उभ्या रेघेत दिसतो आणि एका जागी बसलेला नॉइज वळतो. मी पण असाच फसलेलो. एलईडी, चार्जर, सेट टॉप बॉक्स एकेक बंद करून बघा.

पुणेरी_डोंगल:
उपयोगाचं म्हणाल तर, २०१६ ला पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा स्वयम् उपग्रह गेला, जेमतेम किलोभराचा. असल्या उपग्रहाचे एका गावावरून दिवसात मोजके पास, तेपण १० मिनिटांच्या आतबाहेर, बाकी वेळ तो बोलत असतो आणि ऐकायला कुणी नसतं. तुमच्यावरून जाताना युरोपातल्या स्टेशनला तो क्षितिजाखाली, मग तिथे शंभर असली तरी काय फायदा? २०१३ ला गेलेल्या फनक्यूब-१ या छोट्या उपग्रहाला पण हेच केलं, ज्याने त्याने घरी ऐकायचं आणि टेलिमेट्री (उपग्रहाने स्वतःच्या तब्येतीबद्दल पाठवलेले आकडे) नेटवरून एका ठिकाणी पाठवायची. फक्त रास्पबेरी पायचं घड्याळ बरोबर ठेवा, नायतर डॉप्लरचा हिशोब चुकतो.

गच्चीवरचा_अँटेना:
सापडलं! सेट टॉप बॉक्सच निघाला. बंद केला की एस गायब, आणि रात्री २ च्या पासला एकदम बारीक सरळ रेघ आली आणि एक फ्रेम (डेटाचा एक तुकडा) डिकोड पण झाली!! पण आई सिरियलच्या टायमाला बॉक्स बंद करू देत नाही, म्हणून आता सगळं शेड्यूल रात्री ११ नंतरचं लावतोय.