एका फोनची रेंज दुसऱ्या फोनला देता येते का?

घाटवाट:
गेल्या पावसाळ्यात एका घळीतून उतरताना आमच्या सोबत्याचा पाय मुरगळला. खाली कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. वर धारेवर थांबलेल्या मैत्रिणीच्या फोनवर मात्र रेंजच्या दोन दांड्या दिसत होत्या. तिला ओरडून निरोप द्यावा लागला आणि त्यातले निम्मे शब्द वाऱ्याने नेले. दोन फोन इतके जवळ असताना खालच्या फोनचा सिग्नल वरच्या फोनने टॉवरपर्यंत पोहोचवणे शक्य आहे का? असल्यास आपल्या फोनमध्ये ती सोय का नसते?

लहरवेध:
शक्य आहे, आणि त्याचे नियमही ठरलेले आहेत. अडचण अंतराची नसून फोनच्या घडणीची आहे. ४जीच्या अनेक पट्ट्यांमध्ये फोन एका वारंवारतेवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो. टॉवरचे नेमके उलट असते. त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन फोनसुद्धा एकमेकांना ऐकू शकत नाहीत. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०१५च्या बाराव्या आवृत्तीत ‘साइडलिंक’ हा फोन-ते-फोन थेट दुवा आणला. ४जीत तो फोनच्या बोलण्याच्या वारंवारतेवरच चालतो, म्हणून तिथे ऐकण्याची क्षमता फोनमध्ये मुद्दाम घालावी लागते. तेराव्या आवृत्तीत मधल्या फोनने दुसऱ्याची माहिती टॉवरकडे पोहोचवण्याची रीत आली, पण ती अग्निशमन, पोलीस अशा आपत्कालीन सेवांपुरती होती. ५जीसाठी ती २०२२मध्ये सतराव्या आवृत्तीत आली. बाजारातल्या साध्या फोनमध्ये मात्र ती सहसा नसते, आणि मोबाइल कंपनीनेही ती आपल्या जाळ्यात सुरू करावी लागते.

कातळकडा:
मग मधल्या फोनच्या मालकाला माझे बोलणे कळणार नाही का? शिवाय बॅटरी त्याची जाणार.

लहरवेध:
बॅटरीची शंका रास्त आहे. अनोळखी माणसासाठी आपला फोन कोणी का झिजवावा, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही, असे मला वाटते. गुप्ततेचा विचार मात्र नीट झाला आहे. ५जीतल्या ‘लेयर-२’ पद्धतीत सांकेतिकीकरण थेट दूरचा फोन आणि टॉवर यांच्यात होते, त्यामुळे मधला फोन बंद पाकीट पुढे देणाऱ्या पोस्टमनसारखा राहतो. ‘लेयर-३’ पद्धतीत तो इंटरनेटच्या राउटरसारखा वागतो आणि तिथे जास्तीची सुरक्षा लागते.

घाटवाट:
मनापासून आभार. तोवर आमच्यासारख्यांनी काय करावे?

लहरवेध:
वरच्या व्यक्तीने रेंज टिकेल तितके खाली येऊन हॉटस्पॉट सुरू करावा आणि खालच्याने वाय-फाय कॉलिंग वापरावे. मध्ये कातळ नसेल तर वीस-तीस मीटरपर्यंत हे जमते. त्याआधी ११२ लावून पाहावा. आपल्या कंपनीचा टॉवर नसला, तरी दुसऱ्या कंपनीचा मिळत असेल तर फोन त्यावरून तो कॉल लावू शकतो. वाय-फाय कॉलिंग मात्र घरीच सुरू करावे आणि विमान मोडमध्ये फक्त वाय-फाय चालू ठेवून एक कॉल लावून बघावा, कारण घळीत बसून सेटिंग शोधणे फार अवघड जाते.