एकाच स्पेसिमेनचे दोन ब्लॉक: युनिट कशाचे मोजायचे?

क्लेम_डेस्क
अमेरिकेतल्या पॅथॉलॉजी लॅबचे तीन रिपोर्ट समोर आहेत. त्यांच्या बिलासाठी सीपीटी कोड (तिथे प्रत्येक वैद्यकीय कामाला दिलेला क्रमांक) आणि युनिट (तो कोड किती वेळा) ठरवायचे आहेत.
पहिल्यात दोन डब्या: ए मध्ये सीकमचा पॉलिप, बी मध्ये असेंडिंग कोलनचे दोन पॉलिप एकत्र (दोन्ही मोठ्या आतड्याचे भाग).
दुसऱ्यात लिव्हरची नीडल बायोप्सी, दोन ब्लॉक (टिश्यू बसवलेले मेणाचे ठोकळे). ट्रायक्रोम स्टेन (खास रंग) दोन्ही ब्लॉकवर, आयर्न स्टेन एकावर.
तिसरा बोन मॅरो (अस्थिमज्जा) कोअरचा, डीकॅल्सिफिकेशन (कॅल्शियम काढून हाड मऊ करणं) केलेला.
प्रत्येक ब्लॉकला वेगळा कोड लावावा का? आणि ब्लॉक बनवणं, कापणं, रंगवणं याचं वेगळं बिल होतं का?

ग्रॉसिंग_टेबल
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. फिक्सेशन, प्रोसेसिंग, एम्बेडिंग, सेक्शन कापणं आणि एच अँड ई (नेहमीचा रंग) हे सगळं टिश्यू तपासणीच्या ८८३०५ किंवा ८८३०७ या कोडच्या पोटातच येतं. त्याच ब्लॉकमधून आणखी खोल लेव्हल कापल्या तरी युनिट वाढत नाही. कंट्रोल स्लाइडचंही (स्टेन नीट चालला का हे बघायच्या) बिल करायचं नाही.

८८३०० ते ८८३०९ चं युनिट स्पेसिमेन असतं, ब्लॉक नव्हे. स्पेसिमेन म्हणजे स्वतंत्र तपासणी आणि स्वतंत्र निदानासाठी पाठवलेला, वेगळा ओळखता येणारा टिश्यू. त्यामुळे पहिला रिपोर्ट ८८३०५, दोन युनिट. बी मधले दोन पॉलिप एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नसतील, तर दोघांचं मिळून एकच युनिट. सर्जनने त्यांवर वेगळी खूण केली असेल आणि रिपोर्टमध्ये दोघांचं वेगवेगळं निदान असेल, तरच दोन.

स्टेन_लॉग
लिव्हरच्या केसमध्ये मात्र मोजण्याची पद्धत बदलते, आणि क्लेम चुकतो तो इथेच. बायोप्सी ८८३०७, एक युनिट. स्पेशल स्टेन मोजताना 'प्रत्येक ब्लॉकवरचा प्रत्येक स्टेन' धरायचा: ट्रायक्रोम दोन, आयर्न एक, म्हणजे ८८३१३ ची तीन युनिट. पण एकाच ब्लॉकच्या दोन स्लाइडवर तोच स्टेन केला, तर एकच.

स्टेन कशासाठी केला तेही वाचा. जंतू किंवा बुरशी शोधायला केलेला स्टेन ८८३१२ मध्ये जातो. त्वचेत बुरशी शोधायला केलेला पीएएस (एक स्पेशल स्टेन) ८८३१२. तोच पीएएस ग्लायकोजेनसाठी असेल तर ८८३१३. ऑर्डरमध्ये नुसतं 'पीएएस' लिहिलं असेल तर अंदाज करू नका, पॅथॉलॉजिस्टला विचारा.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं (अँटिबॉडी वापरून टिश्यूतलं ठराविक प्रथिन शोधणं) गणित पुन्हा वेगळं. तिथे स्पेसिमेन आणि अँटिबॉडी मोजायच्या. पहिली अँटिबॉडी ८८३४२, त्याच स्पेसिमेनवरची पुढची प्रत्येक ८८३४१. एकच अँटिबॉडी एकाच स्पेसिमेनच्या तीन ब्लॉकवर चालवली तरी ८८३४२ चं एकच युनिट. स्टेनची सवय इथे आणली की जादा युनिट लागतात.

ग्रॉसिंग_टेबल
फ्रोझन सेक्शनही (ऑपरेशन चालू असताना टिश्यू गोठवून केलेली तपासणी) याच रांगेत घ्या. प्रत्येक स्पेसिमेनचा पहिला ब्लॉक ८८३३१, त्याच स्पेसिमेनचे पुढचे ब्लॉक ८८३३२. ए चे तीन ब्लॉक आणि बी चा एक असेल तर ८८३३१ दोन, ८८३३२ दोन. नंतरच्या पर्मनंट (मेणाच्या ब्लॉकच्या) सेक्शनचा कोड वेगळा लागतो.

मॅरो_बेंच
बोन मॅरो बायोप्सी ८८३०५ आणि डीकॅल्सिफिकेशन ८८३११. ८८३११ हा अ‍ॅड-ऑन कोड आहे, एकटा जात नाही. ग्रॉस डिस्क्रिप्शनमध्ये (टिश्यू नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेलं वर्णन) डीकॅल्सिफिकेशन केल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'हाड आहे म्हणजे केलंच असणार' असं धरून कोड लावू नका. कोणतं द्रावण वापरलं तेही तिथेच लिहिलेलं बरं: तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो, ईडीटीए सौम्य असतं. पुढे मॉलेक्युलर टेस्ट (डीएनएसारख्या रेणूंची तपासणी) फसली, तर पॅथॉलॉजिस्ट आधी तीच ओळ शोधतो.

क्लेम_डेस्क
मॉलेक्युलरसाठी ब्लॉकचे स्क्रोल (पातळ गुंडाळ्या) कापून पाठवले तर ८८३८१ लागतो का?

स्टेन_लॉग
नुसत्या स्क्रोलला नाही. ८८३८१ साठी ट्यूमरचा भाग मायक्रोस्कोपखाली ओळखून, एच अँड ई स्लाइडवर आखून, तेवढाच भाग हाताने खरवडून घेतलेला असावा लागतो. लेझरने काढला तर ८८३८०. पूर्वी निदान झालेल्या केसच्या साठवलेल्या स्लाइड आणि ब्लॉक काढून पॅथॉलॉजिस्टने त्यातून मॉलेक्युलर टेस्टसाठी योग्य टिश्यू निवडला, तर त्या कामाला ८८३६३.

मेडिकेअरला (अमेरिकी सरकारचा आरोग्य विमा) तारीखही बघा. टिश्यू तीस दिवसांपेक्षा जास्त काळ साठवलेला असेल, तर मॉलेक्युलर टेस्टच्या क्लेमवर बायोप्सीची तारीख टाकत नाहीत. ब्लॉक साठ्यातून बाहेर काढला त्या दिवसाची टाकतात. त्यासाठी ब्लॉक कधी काढला याची नोंद लॅबकडून मागून घ्या, रिपोर्टवर ती बहुधा नसते.